संत सोहिरोबानाथ आंबिये : विवंचनेतून स्वस्थतेकडे

आपल्या देवळांच्या सभामंडपात भजनास आरंभ झाला की ज्या संतकवींची पदे गायिली जातात, त्यांत संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव मानाने घेतले जाते. अंतःकरणातील ज्ञानदीपाविषयीचे त्यांचे पद ज्याच्या कानावरून गेले नाही असा कुळावी गोमंतकात विरळाच. परंतु पद ओठांवर असते आणि पदकर्त्याचा जीवनक्रम मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या अंकी त्यांचे चरित्र महाजन व कुळावी बंधुभगिनींसमोर संक्षेपाने ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हे चरित्र याच वेळी सांगावेसे वाटण्यास आणखी एक कारण आहे. दर्शनास येणाऱ्या कुटुंबांशी बोलताना एकच गाऱ्हाणे निरनिराळ्या शब्दांत आमच्या कानी पडते. रात्री झोप लागत नाही, अन्नावर वासना राहत नाही, लहानसहान गोष्टींवरून घरात शब्दास शब्द लागतो. डिचोली तालुक्यातील कित्येक घरांनी 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्यावर चुलीची आणि कर्जाच्या हप्त्यांची विवंचना सोसली. पेडणे तालुक्यात मोप येथे विमानतळ झाला, 2023 च्या जानेवारीत तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि जमीन, रोजगार व गावपण यांविषयीचे नवे प्रश्न उंबरठ्याशी येऊन उभे राहिले. कोणाचा मुलगा परदेशी, कोणाचा जहाजावर, कोणाची परीक्षा, कोणाचे दुखणे. चिंतेचे निमित्त बदलते, चिंता तीच राहते. अशा वेळी पेडण्याच्याच मातीतील एका गृहस्थाने आपली विवंचना कशी ओळखली व तिच्यातून मार्ग कसा काढला हे पाहणे सर्वांसच हितावह होईल, असे आम्हांस वाटते.

सोहिरोबानाथांचा जन्म 1714 साली पेडणे तालुक्यातील पालये या गावी झाला. त्यांचे मूळ नाव अच्युत. घराणे सारस्वत ब्राह्मणांचे आणि आडनाव आंबिये. पुढे त्यांचे वास्तव्य तेरेखोल नदीकाठच्या बांदे या गावी झाले. हा गाव आज महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. त्या काळी पेडणे काय, बांदे काय, सारा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. आज मध्ये दिसणारी राज्याची सीमा तेव्हा नव्हती. नात्यागोत्याचे, देवाधर्माचे आणि व्यापाराचे पाश दोन्हीकडच्या गावांना एकत्र बांधून होते, आणि ते अजूनही पुष्कळ अंशी तसेच आहेत.

आंबिये घराण्याकडे बांदे येथील कुलकर्णपण होते. गावच्या जमिनींचा हिशेब, साऱ्याची नोंद, कोणाकडे किती येणे व कोणी किती भरले याचे दप्तर, हे सर्व कुलकर्ण्याच्या माथी. पीक बुडाले तर रयत त्याच्या दाराशी येऊन गयावया करी, आणि वसूल थकला तर दरबार त्यालाच जाब विचारी. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा सापडावा तशी ही जागा. त्यात काळही मोठा धामधुमीचा. 1746 साली पोर्तुगीजांनी सावंतांच्या मुलुखावर स्वारी करून पेडणे महालातील हळर्ण्याचा किल्ला घेतला. त्या विजयावरूनच पोर्तुगीज विजरईला हळर्ण्याच्या नावाची पदवी मिळाली. डिचोलीवरही त्याच सुमारास पोर्तुगीजांनी ताबा मिळविला. पुढे हा मुलूख कधी एकाकडे तर कधी दुसऱ्याकडे जात राहिला. स्वारी कोणाचीही असो, धान्य, पैका आणि माणसे यांची मागणी गावावरच येई, आणि त्या मागणीचा कागद कुलकर्ण्याच्या हाती पडे. हळर्ण्याचा किल्ला पडला तेव्हा अच्युतराव बत्तिशीचे होते. त्यांच्या मनावर कोणते ओझे असेल याची कल्पना यावरून वाचकांस सहज करता येईल.

त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारा प्रसंग त्यांच्या वयाच्या पस्तिशीच्या सुमाराचा आहे. परंपरेने तो असा सांगतात. सावंतवाडीच्या दरबाराचे तातडीचे बोलावणे आले. अच्युतराव लगबगीने निघाले. बांद्याहून वाडीस जाणारी वाट इन्सुलीच्या रानातून जाते. उन्हाचा ताप, पोटात भूक, आणि उशीर झाला तर स्वामींची इतराजी होईल ही धास्ती. चालून चालून थकवा आला तेव्हा ते झाडाच्या सावलीत पाण्याजवळ थांबले. जवळ पिकलेला फणस होता. तो फोडून खावयास बसावे तोच समोर एक तेजस्वी अवधूत येऊन उभा राहिला आणि त्याने खावयास मागितले. स्वतः भुकेने व्याकूळ झालेल्या या गृहस्थाने हातातील गरे आधी त्या अतिथीपुढे ठेविले. अवधूताने ते स्वीकारले, त्यांतील काही प्रसाद म्हणून परत दिले, मस्तकी हात ठेवून उपदेश केला आणि तो रानात दिसेनासा झाला.

हा अवधूत म्हणजे गैबीनाथ, असे संप्रदायात मानतात. गैबीनाथ हे गहिनीनाथांचेच नाव. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही नाथपरंपरा आपणांस परिचित आहे. गहिनीनाथ तर ज्ञानदेवांच्याही आधीचे, म्हणजे सोहिरोबांच्या पूर्वी पाचशे वर्षांचे. भाविकास या अंतराची अडचण वाटत नाही, कारण नाथसिद्ध देहाच्या मर्यादेपलीकडचे आहेत अशी त्याची श्रद्धा असते. चिकित्सक वाचक असे म्हणेल की त्या परंपरेतील कोणा साधूची ती भेट असावी. आम्हांस या वादात शिरावयाचे नाही. त्या दुपारनंतर हा मनुष्य बदलला, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत आहे आणि आपल्या कामापुरते तेवढे पुरेसे आहे.

बदल कशाने झाला याचा थोडा विचार करू. एका राजाच्या बोलावण्यासाठी आपण तहानभूक विसरून धावत आहोत, आणि हे धावणे आज संपले तरी उद्या पुन्हा आहेच, ही जाणीव त्यांना त्या झाडाखाली प्रथम झाली. धावणाऱ्याला आपण धावत आहोत हे कळत नाही. ते थांबल्यावर कळते. अच्युतराव थांबले, आणि थांबल्यावर जे थोडेसे जवळ होते त्यातून त्यांनी दुसऱ्यास दिले. थांबणे आणि देणे या दोन गोष्टी आधी घडल्या आणि उपदेश मागाहून आला. हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

घरी परतल्यावर त्यांनी कुलकर्णपण सोडले. आज हे वाक्य लिहिणे सोपे आहे. वंशपरंपरेने चालत आलेले वतन, गावातील मान आणि चरितार्थाचे साधन एका निश्चयाने बाजूस सारणे हे घरातील माणसांनाही जड गेले असेल. सोहिरोबा प्रपंची गृहस्थ होते, त्यांना मुलेबाळे होती. संतचरित्रे लिहिताना घरच्या माणसांनी काय सोसले याची नोंद बहुधा राहून जाते. त्यांच्या त्या मूक सहकार्यावाचून सोहिरोबांची साधना आणि ग्रंथरचना झाली नसती, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. आणि दुसरेही एक सांगितले पाहिजे. त्यांनी अधिकार सोडला, पण लगोलग घर सोडून ते रानात गेले नाहीत. पुढील अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य बांद्यासच होते. नाथपंथाची दीक्षा लाभलेला हा साधक घरात राहून, गावात वावरून, साधना करीत राहिला.

ही साधना कोणत्या प्रकारची? नाथपंथ शरीरास तुच्छ मानीत नाही. देह हेच साधनेचे पहिले उपकरण, अशी या पंथाची दृष्टी आहे. आसन स्थिर असावे, आहार मित असावा, निद्रा वेळेवर असावी. हा देहाचा भाग झाला. त्यानंतर श्वास. दिवसरात्र मिळून मनुष्याचे 21,600 श्वास होतात असे योगग्रंथ मानतात, म्हणजे मिनिटास पंधरा. प्रत्येक श्वासाबरोबर आत-बाहेर जाताना सोऽहं हा ध्वनी आपोआप उमटतच असतो, साधकाने केवळ त्याकडे लक्ष द्यावयाचे, यालाच अजपाजप म्हणतात. यासाठी माळ लागत नाही, खर्च लागत नाही, वेगळी जागाही लागत नाही. श्वासाकडे लक्ष गेले की मन कालच्या दुःखात आणि उद्याच्या भीतीत फिरणे काही काळ थांबविते. हा मनाचा भाग. आणि या सर्वांच्या मुळाशी अद्वैताचा बोध. भिणारा, धावणारा, मानापमानाने हेलकावणारा जो मी, त्याच्याही आत एक साक्षी आहे आणि त्याला कशाचा स्पर्श नाही, ही जाणीव. हा आत्म्याचा भाग. देह, मन आणि आत्मा यांची अशी एकत्र जोपासना सोहिरोबांनी वर्षानुवर्षे केली.

या अनुभवातूनच त्यांची वाङ्मयसंपदा निर्माण झाली. सिद्धान्तसंहिता, अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद आणि महदनुभवेश्वरी हे त्यांचे ग्रंथ. त्यांखेरीज अभंग व पदे पुष्कळ, त्यांत काही हिंदीतही आहेत. ग्रंथांचा विषय गहन आणि त्यांचे वाचक थोडे, परंतु पदांनी मात्र घरोघर वाट काढली. त्यांची भाषा साधी आहे, दृष्टान्त रोजच्या व्यवहारातले आहेत आणि चाल भजनाच्या ठेक्यात सहज बसते. एके काळी साऱ्याचे आकडे मांडणारी लेखणी अशा रीतीने आत्मानुभवाची नोंद करू लागली.

उतारवयात सोहिरोबानाथ तीर्थाटनास निघाले आणि फिरत फिरत उत्तरेस ग्वाल्हेरच्या बाजूस गेले. त्या काळी महादजी शिंदे यांचा दरारा दिल्लीपर्यंत होता. त्यांच्या सरदारांत जिवबादादा बक्षी केरकर हे मोठ्या योग्यतेचे गृहस्थ. हे मूळचे पेडणे महालातील केरीचे. पुढे 1795 साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांनीच केले. परमुलुखात आपल्या गावाकडचा सत्पुरुष आला हे कळल्यावर जिवबादादांना आनंद झाला आणि त्यांनी महादजींशी भेट घडवून आणिली, असे सांगतात. महादजी स्वतः भक्तिपर काव्य करीत. त्यांनी आपली रचना या साधूपुढे अभिप्रायासाठी ठेविली. ती पाहून सोहिरोबांनी मोकळेपणाने प्रतिकूल मत दिले. सभा चपापली. ज्याच्या शब्दावर दिल्लीचा बादशहा हलतो त्याच्या काव्यास नावे ठेवणे म्हणजे काय! परंतु अवधूताला कोणाची गरज नाही या अर्थाचे एक पद म्हणून सोहिरोबा तेथून चालते झाले, अशी आख्यायिका आहे.

ही आख्यायिका इन्सुलीच्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावी. पस्तिशीचा अच्युतराव एका संस्थानिकाच्या बोलावण्याने घाबराघुबरा होऊन रानातून धावत होता. उतारवयातील सोहिरोबा त्याहून कितीतरी पट सामर्थ्यवान पुरुषासमोर निश्चिंत उभा आहे. सत्ताधीश अधिक मोठा झाला होता, पण भय नाहीसे झाले होते. मधल्या काळात बाहेरची परिस्थिती सौम्य झाली नव्हती. सोहिरोबांच्या अपेक्षा कमी झाल्या होत्या, आणि ज्याला काही मिळवावयाचे नाही त्याला धाक तरी कशाचा दाखविणार?

पुढे त्यांचे वास्तव्य उज्जयिनीस झाले. 1792 च्या सुमारास तेथेच त्यांचे अवतारकार्य संपले. देह ठेविला असे न म्हणता ते अदृश्य झाले असे भक्तमंडळी म्हणतात. त्याआधी चारच वर्षे, 1788 मध्ये, त्यांची जन्मभूमी पेडणे महाल सावंतांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेली होती. गाव एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात आणि स्वतः तिसऱ्याच मुलुखात, अशी स्थिती. तथापि त्यांच्या पदांना कोणत्याही नाक्याने अडविले नाही. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे शासकीय महाविद्यालय आहे, त्यास संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव दिले आहे. दप्तर सोडून निघालेल्या पुरुषाच्या नावाच्या विद्यालयातून तरुण मुले-मुली विद्या घेऊन बाहेर पडतात, हा योग आम्हांस मोठा समर्पक वाटतो.

आता आधुनिक शास्त्र याविषयी काय सांगते तेही थोडक्यात पाहू. हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञाने 1936 साली असे दाखविले की संकट कोणतेही असो, शरीर त्याला ठरावीक साच्याने तोंड देते. भय वाटताच अॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल हे स्राव रक्तात वाढतात, हृदय जोराने धडधडते, स्नायू ताठ होतात. वाघ समोर आला तर ही व्यवस्था प्राण वाचविते. पण वाघ न येताही ती रात्रंदिन चालूच राहिली तर झोप उडते, पचन बिघडते, रक्तदाब वाढतो, स्वभाव चिडचिडा होतो. श्वास संथ व दीर्घ केला की शरीरास शांत करणारी मज्जासंस्था जागी होते आणि हृदयाची गती उतरते, हेही आता मापून पाहिलेले आहे. मिनिटास पंधराच्या ठिकाणी सहा श्वास, इतका संथपणा या कामी उपयुक्त ठरतो. नाथपंथीयांनी अनुभवाने जाणलेली गोष्ट शास्त्राने यंत्राने पडताळली, एवढेच आम्ही म्हणतो. तेवढ्यावरून शास्त्र लहान होत नाही आणि साधनेचे मूल्यही त्यावर अवलंबून नाही.

प्रापंचिकाने यातून काय घ्यावे? नोकरी सोडावी असे आम्ही कोणासही सुचविणार नाही. ज्याच्या मागे आईवडील, लेकरे आणि कर्जाचे हप्ते आहेत त्याने सोहिरोबांचे वतनत्याग नव्हे, त्या झाडाखालचे थांबणे उचलावे. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी दहा मिनिटे आसन घालून श्वासाकडे लक्ष द्यावे. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की घरातील सर्वांनी थोडा वेळ एकत्र बसावे आणि तेवढा वेळ दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवावे. रात्रीचे जेवण हलके व वेळेवर घ्यावे, पेजेसारख्या आपल्या साध्या अन्नाला कमी लेखू नये. रोज थोडे चालावे. देवळापर्यंत वाहनाने येणाऱ्यांनी निदान परतताना पायी जावे. सप्ताहात भजनास बसावे. टाळाच्या ठेक्यावर दहा जणांच्या सुरात सूर मिळविताना श्वास आपोआप लांबतो आणि आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही हेही कळते. आणि जे थोडे जवळ आहे त्यातून दुसऱ्यास काही द्यावे. अडलेल्या शेजाऱ्याची विचारपूस हेही देणेच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. डिचोली तालुक्यातील साखळीच्या दत्तमंदिरात मनोविकाराने पीडित माणसांना घेऊन येण्याची प्रथा फार जुनी आहे आणि त्या श्रद्धेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ज्याची झोप अनेक आठवडे उडाली आहे, जो माणसांत येईनासा झाला आहे, ज्याच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर येतो, त्याला देवदर्शनाबरोबरच वैद्याकडेही नेले पाहिजे. बांबोळी येथे मनोरुग्णांसाठी शासनाची स्वतंत्र संस्था आहे. चालू असलेले औषध साधनेच्या भरवशावर कोणीही बंद करू नये, आणि हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरण्याचे प्रकार जाणकारास विचारल्याखेरीज करू नयेत. मनाचे दुखणे लपवून ठेवण्याची आपल्या घरांतील रीत आता सोडावयास हवी. पाय मोडला तर आपण लपवीत नाही, मग मन थकले तर लाज कसली?

पालये, बांदे, इन्सुली ही गावे आपल्यापासून दूर नाहीत. त्या वाटेने जाण्याचा योग आला तर क्षणभर गाडी थांबवावी, एखाद्या झाडाच्या सावलीत उभे राहावे, आणि अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी याच रानात एक थकलेला कुलकर्णी आपल्यासारखाच दमून बसला होता हे आठवावे. त्याच्या हातात एका फणसाखेरीज काही नव्हते. तोही त्याने पुढे केला आणि रिकाम्या हाताला शांती लाभली. श्रीदेवाच्या कृपेने आपल्या सर्व कुळावी कुटुंबांना तशी स्वस्थता लाभो, कोणाच्याही घरातील दिवा चिंतेच्या वाऱ्याने न विझो, हीच श्रीचरणी प्रार्थना.